एक लाखात परसातलं स्वयंपाकघर: दापोली तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

घर चिऱ्याचं, म्हणजे जांभा दगडाच्या ठोकळ्यांचं, पूर्वेला तोंड, मागे पश्चिमेला परस आणि परसापलीकडे नारळ-सुपारीचं छोटं आगर. रोज नांदणारी माणसं चार: आजी, मधला मुलगा, सून आणि शाळकरी नात. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी उतरले की पानं अठरा-वीस होतात. आतलं स्वयंपाकघर ८ बाय १० फुटांचं. त्यात दोघी उभ्या राहिल्या की तिसरीला फ्रीज उघडता येत नाही, आणि बांगडे तळले की वास दोन दिवस अंथरुणापांघरुणांना. तेव्हा परसात उघडं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं. तिघा भावांनी मिळून एक लाख रुपये काढले. त्यावर काही निघणार नव्हतं.

थोरल्या भावाने मोबाइलवर फोटो जमवून ठेवले होते: काटकोनात वळणारा १६ फुटी ग्रॅनाइटचा ओटा, खाली कपाटं, कोपऱ्यात पिझ्झाची भट्टी, वर पारदर्शक पत्रा. फॅब्रिकेटरने, म्हणजे लोखंडी सांगाडे करणाऱ्याने, त्याचा अंदाज दिला २ लाख ४० हजार. मग कात्री लागली, आणि ती नेहमी लागते तिथेच लागली. ओटा तसाच ठेवून पत्रा पातळ केला, खांबांचा पाया काढून टाकला, निचऱ्याची नळी 'नंतर बघू' म्हणून वगळली. आकडा १ लाख १० हजारांवर आला आणि सगळ्यांना बरं वाटलं.

हाच आराखडा उलटा करावा लागला. ओटा कधीही वाढवता येतो. दोन चिऱ्यांचे टेकू आणि एक फरशी, गवंड्याचं दीड दिवसाचं काम. पण जमिनीचा उतार, तिच्याखालचा सांडपाण्याचा पाइप आणि खांबाचा पाया चुकला तर वरचं सगळं फोडल्याशिवाय हात घालता येत नाही. म्हणून पैसे आधी छप्पर, पाया आणि निचऱ्याला, मग चुलीला, उरतील तेवढे ओट्याला. १६ फुटांचा ओटा ८ फुटांवर आला. कपाटं गेली, भट्टी गेली. दमट हवेत आणि वाळवीत उघड्यावरची प्लायवुडची कपाटं दोन पावसाळे काढत नाहीत, त्यामुळे त्यांचं फारसं वाईट वाटण्याचं कारण नव्हतं.

जागा: आधी धूर पाहायचा

पहिल्या चित्रात स्वयंपाकघर मागच्या दाराला चिकटून होतं. भिंत आयती, नळ जवळ, खर्च कमी. अडचण वाऱ्याची. किनारपट्टीला पावसाळा संपला की पहाटे वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. दुपारनंतर फिरतो आणि वायव्येकडून घरावर येऊ लागतो. चूल पेटते ती संध्याकाळी, आणि दाराला लागून पेटवली तर सगळा धूर माजघरात.

यासाठी बिनखर्चाची चाचणी आहे. जिथे चूल मांडायचा विचार आहे तिथे ओलसर सोडणं (नारळाची सालं) पेटवून ठेवायची आणि सकाळी ७, दुपारी १, ४ आणि संध्याकाळी ७ वाजता धूर कुठे जातो ते पाहायचं. चार दिवस पुरतात. या घरात दाराजवळचा धूर चारपैकी तीन वेळा आत शिरला. तोच परसाच्या दक्षिण टोकाला, दारापासून १५ फुटांवर, पेटवला तर संध्याकाळचा धूर घराच्या दक्षिण बाजूने बाहेरच्या बाहेर निघून गेला. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा होतो आणि तेव्हा तो धूर घराकडे वळणार, हे उघड होतं. पण त्या दिवसांत चूल कमी पेटते आणि मागची खिडकी एरवीही बंदच असते. ही तडजोड मान्य झाली. विहीर परसाच्या उत्तर टोकाला होती, हाही दक्षिणेची बाजू घेण्यातला फायदा, कारण शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा.

बांधकामाआधी ग्रामपंचायतीत विचारून घ्यावं. घर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. हे घर तेवढं जवळ नव्हतं.

छप्पर

जमीन १२ बाय १० फूट, १२ फूट दक्षिणोत्तर. छप्पर चारही बाजूंनी दीड फूट बाहेर, म्हणजे १५ बाय १३. कौलं घालायचा मोह होता, कारण गावात घरांवरची मंगलोरी कौलं उतरवून पत्रे टाकणं चालू असतं आणि जुनी कौलं स्वस्तात मिळतात. पण कौलांना उतार बराच लागतो, निदान २६ अंशांच्या आसपास. एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतरत्या, छपराला तो द्यायचा तर एक बाजू दुसरीपेक्षा सहा फूट वर न्यावी लागते. दोनपाखी केलं तर आढं, वासे, रिपा आणि सुतार आले. शेवटी ०.५ मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा, एकपाखी, दहा फुटांत अडीच फूट उतार.

उताराची दिशा इथे पैशाइतकीच महत्त्वाची. बुटकी बाजू पश्चिमेला, खांब साडेसात फूट. उंच बाजू घराकडे पूर्वेला, खांब दहा फूट. जून-जुलैची झड पश्चिम-नैऋत्येकडून येते, तिच्यापुढे छपराचीच पाठ येते. आतली वाफ आणि धूर उंच पूर्व कडेखालून बाहेर पडतात. उलट उतार दिला असता तर पाऊस थेट ओट्यावर आला असता आणि पागोळ्या मागच्या दारात पडल्या असत्या.

आता पाया. फॅब्रिकेटरचं म्हणणं होतं, खांबाखाली प्लेट लावून ती कोब्यावर (काँक्रीटच्या जमिनीवर) बोल्टने आवळू, काम एका दिवसात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात काय केलं ते गावाने पाहिलेलं आहे. पत्रे सांगाड्यासकट दुसऱ्याच्या आगरात सापडले. ताशी १२० किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण ६८ किलोचा दाब देतो. हे छप्पर १८ चौरस मीटरचं, म्हणजे वर उचलणारा जोर ढोबळमानाने १,२०० किलोच्या पुढे. पत्रा, सांगाडा आणि खांब मिळून वजन सव्वातीनशे किलो. उरलेला जोर जमिनीने धरायचा, आणि तीन इंची कोबा तो धरत नाही. बोल्ट कोब्याचा टवका घेऊन वर येतो.

म्हणून प्रत्येक खांबाला ४५ बाय ४५ सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल खड्डा आणि १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. असा एक ठोकळा सुमारे २९० किलोचा, चार मिळून ११६० किलो. हिशेब जमला, पण जेमतेम. खांब काँक्रीटमध्ये सरळ न सोडता त्याच्या बुडाला आडवा गजाचा तुकडा वेल्ड केला, नाहीतर गुळगुळीत पाइप मुळ्यासारखा उपटून येतो. काँक्रीट जमिनीच्या वर दोन इंच आणून वरून उतरतं घोटलं, कारण पाइप गंजतो तो नेमका मातीच्या रेषेवर.

लोखंड असं लागलं: खांब अडीच इंची चौकोनी पाइप, २.५ मिलिमीटर जाड. आडव्या तुळया आणि उताराचे चार वासे ३ बाय दीड इंची. पत्र्याखाली २ बाय १ इंची सहा आडव्या पट्ट्या. खांब आणि तुळईच्या कोनात आठ तिरके टेकू. एकूण २३० किलो. टेकू काढून दीड हजार वाचवायची सूचना आली होती. ती ऐकली असती तर वाऱ्यात सांगाडा पत्त्याच्या घरासारखा एका अंगाला कलायला लागला असता. पत्रे साडेतेरा फुटी, पाच. स्क्रू रबरी वायसरचे, कडेच्या पट्ट्यांवर प्रत्येक उंचवट्यावर आणि मधल्या पट्ट्यांवर एकाआड एक. वारा पत्रा उचलायला सुरुवात करतो ती कडेपासून, म्हणून स्क्रूंची काटकसर करायची झाली तर मध्ये करावी.

जमीन: पाणी आणि गॅस एकाच दिशेने

पावसाळ्याआधी पाडलेल्या जुन्या न्हाणीचे चिऱ्याचे तुकडे परसात पडले होते. सहा इंची सोलिंगला, म्हणजे काँक्रीटखालच्या दगडांच्या थराला, लागणारा ६० घनफूट डबर त्यातूनच निघाला, विकत एक पाटीही आणली नाही. त्यावर तीन इंच काँक्रीट, वर पाऊण इंचाचा कोबा. कोब्याला चकाकी आणायची नाही. ओल्या पायाने घसरतो. पृष्ठभाग ओला असताना खराट्याच्या काड्यांनी आडव्या रेघा मारल्या. दहा दिवस पाणी मारलं. गवंड्याचं हे काम आजींनी स्वतःकडे घेतलं, त्यामुळे ते खरोखर दहा दिवस झालं.

उतार दक्षिणेकडून उत्तरेकडे, १२ फुटांत जवळपास अडीच इंच. चूल दक्षिणेला, सिंक आणि गॅस उत्तरेला. यामागे पाण्याखेरीज आणखी एक कारण आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखा उताराने वाहतो. उतार चुलीकडे असता तर गळलेला गॅस सरळ निखाऱ्यापर्यंत गेला असता. सिलिंडर ओट्याखालच्या उत्तर खणात, उभा, खण समोरून आणि बाहेरच्या बाजूने जमिनीपर्यंत उघडा. त्याला दार लावून छान दिसेल असं करणं म्हणजे गळलेला गॅस साठवायची पेटी करणं. चूल तिथून दहा फुटांवर. नळी सुरक्षा जातीची, दीड मीटरपेक्षा लांब नाही, आणि तिच्यावर छापलेली तारीख पाहून पाच वर्षांनी बदलायची. पुढेमागे कोणी याच जागेवर पर्यटकांना जेवण विकायचा विचार केला तर १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो.

पश्चिमेला साडेतीन फूट उंच चिऱ्याची अर्धी भिंत, तिलाच टेकून ओटा. भिंत, ओट्याचे टेकू, जोत्याची कड आणि चुलीचा ओटा मिळून १६५ चिरे लागले. एक चिरा साधारण ३० किलोचा, तेव्हा ट्रक परसापर्यंत येतो की रस्त्यावरच रिकामा होतो हे आधी पाहावं. पाणंदीतून डोक्यावरून चिरे आणायचे झाले तर मजुरी चिऱ्याच्या किमतीशी बरोबरी करते.

चूल

खर्च थोडका, पण सगळ्यात जास्त वेळा फसणारी वस्तू ही. गवंडी ती सिमेंटमध्ये बांधायला निघाला होता. आजी म्हणाल्या, "सिमेंटाची चूल गणपतीपर्यंत टिकत नाही, बाबा." त्यांचं बरोबर होतं. तापल्यावर सिमेंटमध्ये बांधलेलं पाणी निघून जातं, आणि त्यातली वाळू-खडी वेगळ्या मापाने फुगते. तीन-चार महिन्यांत भेगा पडून टवके निघतात. चिराही थेट ज्वाळेत भुगा सोडतो. म्हणून ओटा चिऱ्याचा आणि सिमेंटचा, पण आग जिथे लागते तिथे अग्निरोधक विटा आणि माती.

ओटा १८ इंच उंच, त्यावर चूल ९ इंच. भांडं बसतं ते २७ इंचांवर. गॅसचा ओटा ३३ इंचांचा असताना चूल एवढी खाली का? कारण चुलीवर चढतं ते मोठं पातेलं. वीस माणसांची आमटी ढवळताना पातेल्याचा काठ कोपराच्या खाली हवा, वर नको.

आधी माती. तीन घमेली वारुळाची माती, एक घमेलं भाताचा तूस, अर्धं घमेलं शेण. दोन दिवस भिजत, मग पायाने तुडवायची. मुठीत वळलेला गोळा कमरेइतक्या उंचीवरून टाकला तर चपटा व्हावा पण फाटू नये. फाटला तर पाणी कमी, पसरला तर जास्त. तूस घालायचा तो पुढे जळून जाण्यासाठी. त्याच्या जागी राहिलेली बारीक भोकं उष्णता अडवतात, आणि सुकताना माती आकसते तेव्हा मोठी भेग पडत नाही.

चुलीचं पोट आतून ८ इंच रुंद, तोंड ७ बाय ७. दोन्ही अंगांना आणि पाठीला अग्निरोधक विटा, मातीतच बसवलेल्या, चौदा. तळाला ६ इंची बिडाची जाळी, तिच्याखाली दोन इंच मोकळी जागा. ही जाळी दीडशे रुपयांची, आणि धुराचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो: हवा खालून येते, लाकूड राखेत गुदमरत नाही. मुख्य तोंडामागे चार इंच भिंत सोडून वैल, म्हणजे भांड्यासाठीचं दुसरं तोंड, व्यास ६ इंच. पोटातून वैलात जाणारी वाट ४ बाय ३ इंच आणि चढती. वैलाच्या मागून ४ इंची जस्ती पत्र्याचा पाइप.

अशा दोन तोंडांच्या, धुराड्याच्या चुली कोकणात नव्या नाहीत. केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा गावोगाव त्या बसल्या आणि पुढे कित्येक घरांत मोडीतही निघाल्या. मोडीत निघण्याचं एक कारण अगदी साधं. वैलावर भांडं नसेल आणि भोक उघडं राहिलं तर धुराडं चुलीतला धूर न ओढता वरूनच गार हवा ओढतं, आणि धूर पुढच्या तोंडातून सैपाक करणारीच्या डोळ्यांत येतो. मग घरातले म्हणतात पाइप वाईट. म्हणून वैलाच्या मापाचं झाकण चुलीबरोबरच करून घ्यायचं. इथे जुन्या तव्याचं केलं.

पाइप छपराच्या मधून नेला असता तर तिथे गळती ठरलेली. त्यावर उपाय म्हणून चुलीचा ओटाच दक्षिण कडेबाहेर एक फूट सरकवला. पाइप जातो तो छपराच्या बाहेर आलेल्या दीड फुटी पट्टीतून, पूर्वेच्या उंच कोपऱ्याजवळून. तिथे गळलं तरी पाणी जमिनीच्या बाहेर पडतं. पाइप दहा फूट, छपराच्या दोन फूट वर, डोक्यावर टोपी. पीव्हीसीचा तुकडा 'तात्पुरता' लावायची सूचना कोणीतरी करतंच. तो वितळतो.

चूल सावलीत बारा दिवस सुकवायची होती. नवव्या दिवशी मुंबईचे पाहुणे आले आणि कोंबडीचं पातेलं चढलं. आत ओल होती. तिची वाफ झाली आणि वैलाच्या भिंतीला बोटभर रुंद भेग गेली. तेवढा भाग फोडून पुन्हा लिंपला. पुन्हा सुकल्यावर तीन संध्याकाळी वीस-वीस मिनिटं फक्त काटक्या आणि सोडणं पेटवली, चौथ्या दिवशी पहिलं भांडं.

ओटा, आणि आमसुलांचा डाग

८ बाय २ फुटांचा कडप्पा, दर अडीच फुटांना टेकू. कडप्पा स्वस्त आहे, मजबूत आहे, पण तो चुनखडकाच्या जातीचा. आंबट त्याला चालत नाही. लिंबू, चिंच, आगळ (कोकमाचा रस) सांडून राहिलं की काळ्या फरशीवर पांढरट चट्टा उठतो, आणि तो डाग नसून दगडच खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे घासून जात नाही. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) फोडणाऱ्या घरात हे आधीच लक्षात घ्यायला हवं. पूर्ण ग्रॅनाइटला दीड हजाराच्या आसपास जास्त पडत होते. त्याऐवजी सिंकशेजारी तीन फूट ग्रॅनाइट घेतलं, फरशीवाल्याकडे उरलेला तुकडा ६०० रुपयांना. आंबट, मासे, विळी सगळं तिथे. बाकी पाच फुटांत शेगडी आणि डबे. एवढ्याशा ओट्याला दुकानातली अखंड फरशी घेण्याआधी कोपऱ्यात उभे केलेले तुकडे बघावेत.

पाणी आणि वीज

सिंकचं पाणी आधी जाळीच्या छोट्या चेंबरमध्ये, तिथून २ इंची पाइपने पंधरा फुटांवरच्या शोषखड्ड्यात: एक मीटर लांब, रुंद, खोल, तळाला मोठे दगड, वर बारीक. जांभ्या जमिनीत पाणी भरभर मुरतं. खड्ड्याभोवती केळी आणि अळू. उघड्यावरचे पीव्हीसी पाइप उन्हाने ठिसूळ होतात, म्हणून जमिनीखालून. जेवढा वर राहिला त्याला रंग.

वीज घरातल्या बोर्डावरून स्वतंत्र लाइनने: प्लगसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल, पाइपातून, दीड फूट खोल. भार जास्त झाला की वीज तोडणारा १६ अँपिअरचा एमसीबी आणि वीज गळली की ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ओल्या कोब्यावर अनवाणी उभं राहून मिक्सर लावायचा असतो, तेव्हा या आरसीसीबीत काटकसर नाही. सॉकेट झाकणाच्या, धूळ-पाणी आत न घेणाऱ्या आयपी ६५ दर्जाच्या डब्यात. दिवा स्वयंपाक करणारीच्या पाठीमागे नको, समोर हवा; नाहीतर तिची सावली तिच्याच पातेल्यात पडते.

खर्च

दर त्या हंगामात, त्या वाडीपर्यंतची वाहतूक धरून मिळालेले. दुसऱ्या गावात ते बदलतील, प्रमाण फारसं बदलणार नाही.

- लोखंड २३० किलो, ७२ रुपयांनी: १६,५६०
- वेल्डिंग आणि उभारणी: ६,०००
- पत्रे आणि स्क्रू: ९,२००
- रेड ऑक्साइड आणि रंग: १,८००
- चिरे १६५, ४८ रुपयांनी: ७,९२०
- सिमेंट १४ गोणी, ३८० रुपयांनी: ५,३२०
- क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) अर्धा ब्रास, म्हणजे ५० घनफूट: ३,५००
- खडी अर्धा ब्रास: २,५००
- गवंडी आणि दोन गडी, ८ दिवस: १६,८००
- सिंक, नळ, पाइप: ५,७००
- चेंबर आणि शोषखड्डा: २,५००
- वीज: ६,५००
- कडप्पा आणि ग्रॅनाइटचा तुकडा: २,४००
- चूल आणि धुराडं: २,९००

बेरीज ८९,६००. उरलेले १०,४०० मुद्दाम बाजूला ठेवले. थोरल्या भावाला त्यात बार्बेक्यूची शेगडी बसवायची होती; जुलैपर्यंत थांबा, एवढंच त्यांना सांगण्यात आलं.

काम नोव्हेंबरच्या शेवटी सुरू केलं. भातकापणी उरकलेली असते, गडी मिळतात, जमीन सुकलेली असते. एप्रिलपासून सगळे हात आंब्यात गुंततात आणि मे महिन्यात जो तो पावसाआधी छप्पर शाकारायला धावतो. तेव्हा हेच काम वेळेत होत नाही आणि दरही चढा असतो.

वापरात आल्यावर

पहिली तक्रार डिसेंबरातच आली: गॅसची ज्योत सारखी एका अंगाला जाते, दूध उतू जाईना. अर्धी भिंत ओट्याच्या वर नऊच इंच होती. वारा तिच्यावरून उडी मारून नेमका बर्नरवर उतरत होता. शेगडीमागे चार फूट लांब, १८ इंच उंच कडप्प्याची पट्टी उभी केली, ६५० रुपये. शेगडीला चारही बाजूंनी आडोसा करायचा नाही; हवा कोंडते आणि नळी तापते.

दुसरी, सिंक तुंबलं. खवलं आणि खोबऱ्याचा चोथा जाळीतून जाऊन चेंबरमध्ये तेलात थिजला होता. बारीक भोकांची काढती जाळी बसवली, १८० रुपये, आणि मासे साफ करण्यासाठी बाहेर नारळाच्या आळ्याजवळ एक चिरा मांडला. विळी आता तिथेच असते.

पहिल्या मोठ्या पावसात दोन गोष्टी दिसल्या. पश्चिम कडेच्या पागोळ्यांनी जोत्याशेजारी चर पाडला आणि मातीचे शिंतोडे अर्ध्या भिंतीवरून ओट्यापर्यंत उडाले. पन्हळ आराखड्यातच नव्हती. ही सरळ चूक. १५ फुटी पन्हळ आणि उतरता पाइप, २,९०० रुपये. आणि पाइपाच्या अंगावरून ओघळलेलं पाणी चुलीच्या पाठीत मुरून तिथली माती मऊ झाली. पाणी जमिनीवर पडणार नाही याचा विचार झाला होता, पाइपाला धरून खाली येईल याचा नाही. छपराच्या वर पाइपाला पत्र्याची झालर बसवून उष्णता सोसणारं सिलिकॉन भरलं, ७५० रुपये वेल्डरसकट.

अर्ध्या भिंतीपासून पत्र्यापर्यंतच्या चार फुटांत मे महिन्याच्या अखेरीस झाप (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) बांधतात आणि ऑक्टोबरात सोडतात. झाप घरचेच, खर्च सुतळीचा. त्या जागी प्लॅस्टिकची ताडपत्री लावून पाहिली होती. ती फडफडून आठवड्यात फाटली. झापांतून वारा थोडा गाळून जातो, म्हणून ते टिकतात. सरपण चुलीला लागून रचायचं नाही, वीतभर उंच मांडणीवर आणि चार हात लांब. सरपणाच्या ढिगात साप येतो.

बाजूला ठेवलेल्या १०,४०० मधले ४,४८० असे गेले. शिल्लक ५,९२०. ओट्याच्या दक्षिण टोकाला आणखी तीन फूट वाढवायची सोय ठेवलेली आहे: शेवटच्या टेकूचे चिरे एकाआड एक बाहेर सोडले आहेत, म्हणजे नवं बांधकाम त्यात दात धरेल. हा वाढीव ओटा चुलीच्या बाजूला सरकतो, तेव्हा त्याखाली सिलिंडर येणार नाही, वर नुसतं परातीचं आणि पोळपाटाचं काम. मधल्या भावाने त्यासाठी ग्रॅनाइटचा दुसरा तुकडा हेरून ठेवला आहे. त्याआधी दिवाळीपूर्वी धुराडं उतरवून काजळी झाडायची, चुलीची पाठ पुन्हा लिंपायची आणि खांबांचं बूड कुठे रंग सोडतंय का ते बघायचं.